चौथा भिडू

पत्ते कोणत्या मराठी घरात नाहीत? सुटीच्या दिवसांत दुपारी ऊन तापले की माजघरात सतरंजी पडायची आणि झब्बूपासून मेंढीकोटापर्यंत सारे डाव रंगायचे. मेंढीकोटात भिडू असतो, हुकूम असतो, समोरच्याची दश्शी ओढण्याचा आसुरी आनंद असतो. एवढ्या भांडवलावर ब्रिज येईल, असे कुणालाही वाटावे. वाचकहो, अर्धा येतो. उतारी, हात, हुकमाने मारणे, सारे ओळखीचे निघते. गाडी अडते ती बोलीपाशी.

आमच्या घरी ब्रिज खेळत ते माझे सासूसासरे. समोरासमोर, एकमेकांचे भिडू म्हणून, दर रविवारी, शेजारच्या जोडप्याशी. आणि हे तीसएक वर्षे. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई खेळांत प्रणव वर्धन आणि शिवनाथ सरकार या साठीच्या आसपासच्या जोडीने भारताला ब्रिजचे सुवर्णपदक मिळवून दिले, तेव्हा सासूबाईंनी चाळीत पेढे वाटले होते. पुढे त्या गेल्या. नानांनी पत्त्यांचा जोड कपाटात ठेवला आणि रविवारी दुपारी ते झोपू लागले. दिवसा कधी पाठ न टेकणारा माणूस! सातआठ महिन्यांनी शेजारच्या काकू मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "अगं, तिघांत होत नाही हा खेळ. तू शीक."

मी काव्यशास्त्र शिकवणारी बाई. म्हटले, शब्दांचाच खेळ असेल तर बघू या.

आणि तो शब्दांचाच निघाला. एक ते सात हे आकडे, चार रंग आणि बिनहुकमी, शिवाय पास, डबल व रिडबल. एकूण पंधरा शब्द! बोली चालू असताना सोळावा शब्द तोंडातून काढायचा नाही. 'एक इस्पिक' याचा वाच्यार्थ एवढाच, की इस्पिक हुकूम धरून आम्ही सात हात करू; कारण पहिले सहा हात गृहीतच असतात. पण भिडूने ऐकायचे ते निराळेच: 'माझ्यापाशी बारातेरा गुण आहेत, इस्पिकची पाने चारपाच तरी आहेत, तुझे काय?' एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २ आणि गुलामाला १, असे साऱ्या जोडात मिळून ४० गुण. ही मोजणी अमेरिकेच्या चार्ल्स गोरेन यांनी घरोघरी पोचवली. दोघांचे मिळून पंचवीससव्वीस भरले, तर चार इस्पिकांपर्यंत किंवा तीन बिनहुकमीपर्यंत चढण्यात शहाणपण. मम्मटाला हे ऐकवले असते तर 'काव्यप्रकाशा'त त्याने ब्रिजची दोन उदाहरणे नक्की घातली असती.

एक फरक मात्र आहे. काव्यातला ध्वनी ज्याचा त्याने ओळखावा. ब्रिजमध्ये तुमच्या बोलीचा संकेत काय, हे विचारण्याचा विरुद्ध जोडीला हक्क असतो आणि तो सांगावाच लागतो. मेंढीकोटातले खोकणे, डोळा मारणे इथे पाप. १९६५ साली ब्यूनॉस आयरिस येथील जागतिक स्पर्धेत एका ब्रिटिश जोडीवर पाने धरलेल्या बोटांनी खुणा केल्याचा आरोप झाला. दोन चौकश्यांचे दोन निकाल लागले, पण खेळातला संशय वाढला. १९७५ पासून मोठ्या स्पर्धांत भिडूंच्या मधोमध पडदा उभा राहिला. नवराबायकोत पडदा! काकांना ही कल्पना फार आवडते.

नानांनी मला पुस्तकावरून शिकवले नाही. जेवणाच्या टेबलावर चारी हात उघडे मांडायचे आणि एकेक पान का टाकले ते सांगायचे. पंधरा वर्षांत माझ्याशी भाजी आणि विजेचे बिल याखेरीज फारसे न बोललेला हा माणूस तासन् तास बोलू लागला. "बघ, हुकमाची आठ पाने आपल्याकडे. उरलेली पाच त्यांच्यात तीन-दोन पडण्याचा संभव शेकडा अडुसष्ट. मग भ्यायचे कशाला?" मध्येच "ही असती तर इथे चौकट उतरली असती" असे म्हणून गप्प होत. मी पाने पिसत बसे.

बोली जिंकणाऱ्याचा भिडू पहिल्या उतारीनंतर आपली पाने उघडी मांडतो आणि तो डाव संपेपर्यंत स्वस्थ बसतो. त्याला म्हणायचे डमी. पूर्वी व्हिस्टला चौथा गडी आला नाही, तर त्याची पाने अशी मांडत. तेव्हापासूनचे हे नाव. फ्रेंचात त्याला 'ल मोर' म्हणतात, म्हणजे मृत. ही व्युत्पत्ती नानांना मी सांगितलेली नाही.

१९२५ साली हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी पनामा कालव्यातून जाणाऱ्या 'फिनलंड' जहाजावर आजच्या ब्रिजची गुणपद्धती मांडली. तेव्हापासून संकेत बदलतच आले आहेत. आमचे घर जुने. सासूबाईंच्या हयातीत 'एक बिनहुकमी' म्हणजे सोळा ते अठरा गुण, हा गोरेनचा दंडक. आता बहुतेक ठिकाणी पंधरा ते सतरा चालतात. पंधरा गुणांचे समतोल हात मला वरचेवर येऊ लागले, तेव्हा एका रविवारी मी विषय काढला. काकू चपापल्या. नाना काही बोलले नाहीत. दोन दिवस नुसते पान वाटून, मांडून पाहत होते. बुधवारी चहाच्या वेळी म्हणाले, "तुझे म्हणणे बरोबर आहे. ही सोळाच्या खाली उतरली नसती, पण आता खेळतेस तू."

गेल्या पाडव्यापासून आम्ही पंधरा ते सतरावर आहोत. बसण्यापूर्वी काकाकाकूंना तसे सांगतो.