हिल्डाचे शिळासर्प

इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या किनाऱ्यावर वेटोळ्याचे दगड सापडतात. संत हिल्डाने सापांच्या शिळा केल्या, ही तिथली आख्यायिका. खरं तर हे अमोनाइट नावाच्या समुद्रजीवांचे जीवाश्म. आपल्या देव्हाऱ्यातले शाळिग्रामही बहुधा त्याच कुळातले. बिनडोक्याचा साप कोण घेणार? मग विक्रेते डोकीही कोरून देत!

मला मात्र चमत्कारापेक्षा बाईच मोठी वाटते. सातव्या शतकात स्त्री-पुरुष दोघांच्या मठाची ती प्रमुख. तिथले पाच जण बिशप झाले. कॅडमन या गुराख्याला काव्य स्फुरलं, तर तिने त्याला मठात घेतलं. ६६४मध्ये ईस्टरच्या तारखेचा वाद तिच्याच मठात झाला. तिचा आयरिश पक्ष हरला. मठ तिच्याकडेच राहिला. अखेरची सहा वर्षं ती तापाने आजारी होती. शिकवणं थांबलं ते ६८०मध्ये, मृत्यूनेच.