घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे

घर बघायला गेल्यावर आपल्याकडे काय विचारले जाते? भाडे किती, डिपॉझिट किती, पाणी किती वेळ येते, शाळा आणि मशीद किती लांब. इमारतीला परवानगी आहे का, हा प्रश्न क्वचितच निघतो. निघालाच तर एजंट घरपट्टीची पावती आणि लाइट बिल पुढे करतो, आणि आपण बयाणा देऊन मोकळे होतो.

पावती खरी असते, पण तिचा अर्थ आपण चुकीचा लावतो. महापालिका अनधिकृत बांधकामावरही कर घेते. शिवाय अशा बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावण्याची कायद्यात तरतूद आहे. पुढे लहान घरांना तीत सवलतही मिळाली. मात्र हा कर किंवा शास्ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही, हेही त्याच कायद्यात लिहिले आहे. दहा वर्षे शास्ती भरली तरी इमारत बेकायदाच राहते, आणि तिचे कच्चे खांब कच्चेच राहतात.

ही शास्ती भरतो कोण? बिल्डर खोल्या विकून केव्हाच निघून गेलेला असतो. भरतो तो त्या घरात राहणारा, ज्याने बायकोचे दागिने मोडून घर घेतले. बांधणाऱ्यासाठीही कायदा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार विनापरवानगी बांधकामाला किमान एक महिना ते तीन वर्षे कैद आणि 2 हजार ते 5 हजार रुपये दंड आहे. प्रत्यक्षात तुरुंगापर्यंत प्रकरण फारसे जात नाही. राहिला दंड. एका खोलीच्या महिन्याच्या भाड्याएवढा हा दंड, एकेक माळा लाखोंना विकणाऱ्या माणसाला कसली जरब बसवणार? रेराचा कायदा या बाबतीत कडक आहे. नोंदणी न करता प्रकल्प विकणाऱ्या बिल्डरला प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

वेळेवर धाक बसला नाही तर काय होते, हे मुंब्रा परिसराने पाहिले आहे. 4 एप्रिल 2013 रोजी शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली आणि 74 जीव गेले. ती बेकायदा होती, काही महिन्यांत घाईघाईने उभी केलेली होती. वर माळा चढत होता आणि खाली कुटुंबे राहत होती. नंतर बिल्डरांसह पालिकेच्या अधिकाऱ्यांना आणि पोलिसांनाही अटक झाली. पण पहिला माळा चढत असतानाच ही कारवाई झाली असती, तर ती मुलेबाळे वाचली असती.

चौदाव्या शतकातला इतिहासकार इब्न खल्दून मुहतसिबच्या, म्हणजे शहराच्या देखरेख अधिकाऱ्याच्या, कामांची यादी देतो. कोसळायला आलेली इमारत मालकाला पाडायला लावणे, हे त्यातले एक काम आहे. अपघात होण्याआधी कारवाई व्हावी, ही अपेक्षा इतकी जुनी आहे.

आता नोटिशीबद्दल. आम्ही उर्दू-मराठी शिकवतो म्हणून मोहल्ल्यातले लोक सरकारी कागद वाचून घ्यायला आमच्याकडे येतात. धोकादायक इमारतीची नोटीस घेऊन येणारे बहुतेकजण एकच विचारतात, "सर, काही करून ही थांबवता येईल का?" 2020 साली 21 सप्टेंबरच्या पहाटे भिवंडीची जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि सुमारे 40 जण दगावले. त्या इमारतीला आधी नोटिसा दिल्या होत्या, असे पालिकेने सांगितले. जायला जागा नसते म्हणून लोक थांबतात, हे आम्हाला कळते. गरिबाच्या हाती नुसती नोटीस देऊन पालिकेची जबाबदारी संपत नाही. तात्पुरत्या निवाऱ्याची सोय नसेल, तर माणूस छत पडेपर्यंत तिथेच राहणार.

तरीही नोटीस वाचायला हवी. 'सी-1' म्हणजे इमारत तात्काळ रिकामी करून पाडायची. 'सी-2 ए' म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, 'सी-2 बी' म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, 'सी-3' म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-1 असेल तर घर सोडण्याआधी आपल्या खोलीचे मोजमाप पालिकेच्या नोंदीत लिहून घ्यावे आणि त्याची प्रत जपून ठेवावी. पुढे हक्क सांगताना तीच उपयोगी पडते. महापालिका हद्दीतील तीस वर्षांवरच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. ते न केल्यास 25 हजार रुपये किंवा वर्षाचा मालमत्ता कर, यांत जे जास्त असेल तेवढा दंड होतो. वर्गणी काढून हे ऑडिट करून घेणे, हा सोसायटीचा सर्वांत उपयोगी खर्च समजावा.

नवे घर घेताना बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागावे. नुसती झेरॉक्स बघून समाधान मानू नये. बनावट परवानग्या दाखवून डोंबिवली परिसरातल्या 65 इमारतींनी रेराची नोंदणीसुद्धा मिळवली होती. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. तिथल्या कुटुंबांनी पैसे मोजले होते, अनेकांनी कर्जही काढले होते. म्हणून परवानगीचा क्रमांक घेऊन स्वतः पालिकेच्या नगररचना विभागात जावे, तो खरा आहे का ते विचारावे. तिथे दाद लागली नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करावा.

आणि शेजारच्या प्लॉटवर रातोरात खांब उभे राहताना दिसले, तर चार घरांनी मिळून लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी. बिल्डर ओळखीचा आहे, आपल्याच जमातीचा आहे, म्हणून गप्प बसू नये. त्या माळ्यांवर उद्या आपल्याच लोकांची मुले झोपणार आहेत.