तंतू, राळ आणि पाणी

सोलापूर-पुणे महामार्गावरील चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीचा समुद्राशी संबंध जोडू गेल्यास ऐकणारा हसेल. परंतु याच वसाहतीत बालाजी अमाइन्सच्या उपकंपनीत एथिलीनडायअमाइन आणि डायएथिलीनट्रायअमाइन ही जी द्रव्ये तयार होतात, त्यांच्या अनेक उपयोगांपैकी इपॉक्सी राळ घट्ट करणे हा एक आहे, आणि फायबरची होडी खाऱ्या पाण्यात किती वर्षे टिकावी याचा निवाडा तंतूपेक्षा ही राळ आणि तिने तंतूशी धरलेला सांधाच अधिक करतो, असे माझे मत आहे.

काचतंतू स्वतः पाणी पीत नाही. ताग, अंबाडी, घायपात आणि कापूस हे मात्र मुख्यतः सेल्युलोजचे, म्हणून जात्याच पाण्याचे लोभी. सोलापुरी टॉवेलाला ज्या गुणाचे दाम मिळते, तोच नौकेच्या कवचात दोष ठरतो. तंतू भिजून फुगतो, सुकताना आकसतो, दर खेपेस राळेपासून थोडा सुटतो आणि त्या फटीतून पुढचे पाणी त्याच्या लांबीभर आत शिरते. कॉस्टिकने धुणे, सिलेनचा लेप देणे हे उपाय मुदत वाढवतात खरे, पण स्वभाव बदलत नाहीत.

काचतंतूची कैफियतही सर्वस्वी निर्दोष नव्हे. स्वस्त म्हणून सर्रास वापरल्या जाणाऱ्या पॉलिएस्टर राळेतील एस्टरबंध पाण्याने हळूहळू तुटतात, सुटलेली आम्ले व ग्लायकोल आतील पोकळ्यांत साठतात, आणि जेलकोटच्या पडद्यातून परासरणाने पाणी आत ओढले जाऊन पृष्ठभागावर फोड उठतात. गंमत अशी, की हे फोड गोड्या पाण्यात लवकर येतात, कारण समुद्रजल स्वतःच क्षारयुक्त असल्याने तेथे परासरणाचा ओढा कमी. अर्थात या एका बाबतीत मालवणच्या बंदरापेक्षा आमच्या जिल्ह्यातील उजनीचा जलाशयच कठोर परीक्षक. अमाइनने घट्ट केलेल्या नेहमीच्या इपॉक्सीत ते एस्टरबंधच नसतात.

निसर्ग आणि कारखाना यांचा समेट गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’त दिसतो. २००९ मध्ये नौदलात दाखल झालेल्या या शिडाच्या नौकेचा गाभा सीडरच्या लाकडी पट्ट्यांचा, आणि त्यावर काचतंतू व इपॉक्सीचे कवच. तिच्यातूनच दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी ती कोठेही न थांबता केली. याउलट अजिंठ्याच्या चित्रातील जहाजावरून रचलेली आणि २०२५ मध्ये कारवारला नौदलात आलेली ‘कौंडिण्य’ काथ्याने शिवलेली आहे. काथ्या पाणी पितो, परंतु लिग्निनच्या विपुलतेमुळे खाऱ्या पाण्यात सहसा कुजत नाही, आणि शिवण जुनी झाल्यास उसवून नवी घालता येते. राळेत गाडलेल्या तंतूला ही सवलत नाही.

तेव्हा जुनी फायबरची होडी घेणाऱ्याने रंगावर न भाळता बोल्टांसाठी पाडलेल्या छिद्रांच्या कडा आधी तपासाव्या, कारण राळेने न बुजवलेल्या तंतूंची उघडी टोके तेथूनच पाणी ओढत असतात.