खाऱ्या पाण्याचा दिवस

पहाटे साडेपाचला गच्चीवरच्या टाकीत बोअरचं पाणी चढवते आणि आरओ सुरू करते. लोणी काळभोरचं पाणी जड, चहाच्या पातेल्याला पांढरा थर धरणारं. त्यात चहूकडे ऊस, म्हणजे खतातलं नायट्रेट झिरपत बोअरपर्यंत येतं. ॲनिमोन, म्हणजे डंखणाऱ्या बाहूंचा समुद्री प्राणी, त्याला ते सोसत नाही. म्हणून आधी आरओचा पडदा, मग रेझिन, आणि मीटरवर टीडीएस शून्य दिसल्याशिवाय त्या पाण्यात मीठ पडत नाही. आरओचं टाकाऊ पाणी धुणीभांड्यांना जातं. रात्री ढवळत ठेवलेला ड्रम एव्हाना तयार असतो: २० लिटरला साधारण ७०० ग्रॅम समुद्री मीठ, खारटपणा हजारी ३५, तापमान २६ अंश. जार भरून गाडीत लावते. हडपसर, मगरपट्टा, खराडी भागातल्या घरांमधले मरीन टँक सांभाळणं हे माझं काम. आषाढी वारीत तुकोबांची पालखी लोणीत मुक्कामाला येते, सोलापूर रस्ता बंद होतो. त्या दिवसांतलं पाणी आधीच पोचवून ठेवावं लागतं.

सात वाजता घरच्या टँकचे निळे दिवे लागतात. इथे एक बबल टिप ॲनिमोन आहे आणि त्यात क्लाउनफिशची जोडी. मोठी ती मादी, लहान तो नर. ॲनिमोनच्या बुडाशी टेकवलेल्या फरशीवर अंडी आहेत. घातली तेव्हा केशरी होती, आता चंदेरी झालीत आणि प्रत्येकात दोन डोळे दिसतात. म्हणजे आज रात्री फुटणार. नर पंखांनी त्यांना सारखा वारा घालतो, खराब अंडं तोंडाने उचलून काढतो. मादी माझ्या हाताला चावते.

लोक याला मैत्री म्हणतात. मला ते अपुरं वाटतं, कारण रोज समोर दिसतो तो चोख व्यवहार आहे. ॲनिमोनच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, प्रकाशावर साखर बनवतं आणि ॲनिमोनला पोसतं. त्या शैवालाला खत हवं, ते माशाच्या उत्सर्जनातल्या अमोनियातून मिळतं. समुद्रात बटरफ्लायफिश ॲनिमोनचे बाहू कुरतडायला येतात, त्यांना क्लाउनफिश हाकलतो. रात्री शैवाल ऑक्सिजन बनवत नाही, तेव्हा मासा बाहूंमध्ये वळवळत राहतो आणि पाणी खेळतं ठेवतो. तांबड्या समुद्रातल्या क्लाउनफिशच्या जातीवरच्या प्रयोगात असं दिसलं की मासा आणि ॲनिमोन एकत्र असताना जो ऑक्सिजन वापरतात, तो दोघांच्या वेगवेगळ्या वापराच्या बेरजेहून जास्त भरतो. बदल्यात माशाला डंखांच्या आड घर मिळतं. त्याला स्वतःला डंख का बसत नाही, याचं एक उत्तर त्याच्या अंगावरच्या बुळबुळीत थरात आहे. डंखपेशी ज्याने सुटतात ते सियालिक आम्ल या थरात फारच कमी असतं.

१८६८ मध्ये कथबर्ट कॉलिंगवूड या इंग्रज निसर्गअभ्यासकाने चिनी समुद्रातल्या प्रचंड ॲनिमोनची आणि त्यात राहणाऱ्या माशांची नोंद केली. तेव्हापासून हे दोघं अभ्यासकांच्या डोळ्यांसमोर आहेत. घरी टँक ठेवणाऱ्याने मात्र एक गोष्ट आधी समजून घ्यावी: टँकमध्ये माशाचं ॲनिमोनवाचून काही अडत नाही. शिकारीच नाही तर गढी कशाला? ॲनिमोन आणायचा तर त्याच्या स्वतःच्या गरजा पुरवता येत असतील तरच आणावा.

साडेनऊला हडपसर. इथल्या काकूंची मादी गेल्या महिन्यात मेली. उरलेला नर आता अंगाने भरलाय, दंगाही करतो. तो मादी होतोय. क्लाउनफिश जन्मतात तेव्हा त्यांच्यापैकी कोणीच मादी नसते. ॲनिमोनमधला सर्वांत मोठा मासा मादी, दुसरा नर, बाकीचे प्रजनन न करता रांगेत थांबतात. मादी गेली की नर तिची जागा घेतो, आणि रांगेतला पुढचा नर होतो. जर्मन संशोधक फ्रिके पतिपत्नींनी १९७७ मध्ये हे मांडलं. पुढे २००३ मध्ये पीटर बस्टन यांनी दाखवलं की रांगेतले मासे आपली वाढसुद्धा रोखून धरतात. वरच्याच्या बरोबरीला आलं की हाकललं जाण्याची भीती, आणि ॲनिमोनबाहेर जगणं कठीण. सिनेमातला निमोचा बाप खऱ्या समुद्रात निमोची आई झाला असता. काकूंना म्हटलं, "घाई करू नका. महिनाभराने अगदी लहान पिल्लू आणू. बरोबरीचं आणलं तर मारामारी होईल." त्यांनी मान डोलावली आणि मला पोहे खायला बसवलं.

साडेअकराला मगरपट्ट्यातलं नवीन घर. दादांनी हौसेने एक पांढराशुभ्र ॲनिमोन विकत आणला होता. कुठून, ते इथे सांगत नाही. तो पांढरा रंग म्हणजे उपासमार आहे. अंगातलं शैवाल निघून गेलं की ॲनिमोन असा दिसतो. निरोगी बबल टिप तपकिरी, हिरवट किंवा तांबूस असतो. काही विक्रेते पांढरे पडलेले ॲनिमोन पिवळे रंगवूनही विकतात. मला याचा फार राग येतो. गिऱ्हाइकाच्या पैशांपेक्षा त्या जिवाचं काय होतं त्याचा. याला वाचवायचं तर मंद उजेडापासून सुरुवात, आणि आठवड्यातून दोनदा कोळंबीचा वाटाण्याएवढा तुकडा, साध्या पाण्यात धुतलेला. तुकडा मोठा झाला तर तो ओकून टाकतो आणि पाणी नासतं. ॲनिमोन जागा शोधत रात्रीतून काचेवरून चालत जातो, म्हणून पाणी हलवणाऱ्या वेव्हमेकरच्या तोंडाला स्पंज बांधला. पंपात ओढला गेला तर तो चिंधड्या होतो आणि त्याच्या विषाने अख्खा टँक जातो.

दादांनी दगडी प्रवाळाबद्दल विचारलं. आपल्या समुद्रातले दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. ते घरात येणार नाहीत.

दुपारी खराडीत नुसतं पाणी बदललं.

साडेतीनला घरी. एप्रिलचं ऊन, खोली तापलेली. टँकखालच्या टाकीवर पंखा सोडते. पाणी उडतं आणि टँक दोनतीन अंशांनी उतरतो. पण मीठ काही उडत नाही, त्यामुळे खारटपणा चढतो. जितकं उडालं तितकं गोडं पाणी घालायचं, खारं घालायचं नाही. थर्मामीटरवर २८ दिसलं की मला लक्षद्वीप आठवतं. २०२४ च्या उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात तिथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. ॲनिमोनही तसेच पांढरे पडतात. ताहितीजवळच्या मूरिया बेटावर २०१६ मध्ये ॲनिमोन पांढरे पडल्यावर त्यांतल्या माशांचे ताणाचे हार्मोन वाढले आणि अंडी खूप घटली. घर आजारी पडलं की घरातली माणसंही खंगतात. माझ्या हातात एक पंखा आहे, समुद्रातल्या माशांकडे तेवढंही नाही.

पाचला वीज गेली. बॅटरीवर फक्त हवेचे बुडबुडे सोडणारे दगड आणि एक छोटा पंप चालू ठेवला. पाणी हलतं राहिलं तर दोन तास दिव्यांवाचून निघतात. पाणी थांबलं तर निघत नाहीत.

आठला राजबागेच्या विद्यापीठात शिकणारा एक मुलगा आला. नवा टँक आहे, त्याला ॲनिमोन हवाय. नऊला दिवे मालवले, अंधारात तासाभराने अंडी फुटू लागली. टॉर्चचा उजेड एका कोपऱ्यात धरला की पिल्लं तिकडे येतात, मग वाटीने अलगद उचलून वेगळ्या टाकीत. तिथे हिरव्या शैवालावर वाढवलेले रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव तयार असतात. पिल्लांच्या तोंडात मावेल इतकं बारीक तेच. आठदहा दिवसांनी अंगावर पांढरे पट्टे उमटतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हे तंत्र आपल्याकडे केव्हाच बसवलं, आणि नवी मुंबईत ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानच्या केंद्रातही हॅचरी उभी राहिली. मग समुद्रातून क्लाउनफिश पकडून आणायचं कारणच उरत नाही.

ॲनिमोनचं तसं नाही. तो अनेक दशकं जगतो आणि हॅचरीतून फारसा मिळत नाही. फिलिपिन्समध्ये सेबूजवळ पकड चालणाऱ्या खडकांवर ॲनिमोन आणि मासे दोन्ही कमी झालेले आढळले. एक ॲनिमोन उपटला की रांगेतल्या सगळ्यांचं घर गेलं. पण बबल टिप स्वतःहून मधून फाटतो आणि एकाचे दोन होतात. म्हणून माझा नियम: मासा हॅचरीचा, ॲनिमोन कुणाच्या तरी टँकमध्ये दुभंगलेला. असा एक माझ्याकडे मागच्या काचेला चिकटून आहे.

"ताई, तोच द्या ना," मुलगा म्हणाला.

"टँक किती महिन्यांचा?"

"तीन."

त्याने आणलेल्या बाटलीतलं पाणी तपासलं. नायट्रेट ४०. मला १० च्या आत हवं. खारटपणाही चढलेला होता, म्हणजे उडालेल्या पाण्याच्या जागी तो खारं पाणी घालत होता. दर आठवड्याला किती पाणी बदलायचं, दिवे किती तास, मासे किती, हे त्याच्या वहीत लिहून दिलं.

"आजच्या पिल्लांतली जोडी गणपतीत घेऊन जा," म्हटलं. "ॲनिमोनचं पुढच्या उन्हाळ्यानंतर बघू. दर महिन्याला पाणी आणून दाखव. आकडे स्थिर राहिले तर हा तुझा, पैसे नकोत. तुझ्याकडे दुभंगला की अर्धा दुसऱ्या कुणाला दे."

त्याने बाटली धुऊन पिशवीत टाकली आणि पुढच्या महिन्याची तारीख विचारली.