केस गळतो, मूळ राहतं

ताईंनो, बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी फणीत केसांचा पुंजका येतो नि जीव घाबरतो. पण गळतो तो केस, मूळ नाही. त्वचेत प्रत्येक केसाची बारीक पिशवी असते. तिच्या बुडाच्या पेशी शेजारच्या पेशींना निरोप देतात, तेव्हा केस वाढू लागतो. २ ते ६ वर्षं वाढतो, सुमारे ३ महिने विसावतो, गळतो. मग त्याच पिशवीतून नवा उगवतो. गरोदरपणात गळायचे राहिलेले केस नंतर एकदम जातात. बहुतेकींचे वर्षभरात परत येतात.

अंगात लोह कमी असलं तरी केस गळतात. म्हणून महागड्या तेलासाठी गटातून कर्ज उचलण्याआधी उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. चाई पडली तर मात्र डॉक्टरांना दाखवा.