हुडहुडी भरणारं तेल

डिसेंबरातल्या सकाळी अमळनेरच्या घराघरांत शाळेची घाई चाललेली असते आणि नेमकी तेव्हाच खोबरेलाची बाटली रुसून बसते. उलटी धरा, बुडावर थापट्या मारा, काही उपयोग नाही. आत पांढरंशुभ्र मेण. मग कुणी ती अंघोळीच्या गरम पाण्यात बुडवतं, कुणी उन्हाच्या पट्ट्यात ठेवतं, आणि ज्याला तेवढाही धीर नसतो तो उदबत्तीची काडी आत घालून कोरत बसतो. पलीकडे स्वयंपाकघरात शेंगदाणा तेल त्याच थंडीत खुशाल वाहत असतं. दोन्ही तेलंच. मग एकालाच हुडहुडी का भरते?

खोबरेल साधारण २४-२५ अंशांखाली गोठतं. खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि पौषात पहाटे १० च्या आसपास उतरतो. म्हणून माडाच्या मुलखापासून लांब असलेल्या या गावात एकच बाटली वर्षातून दोन रूपं दाखवते. पण आकडा सांगितला म्हणजे कारण कळलं असं नाही. कारण पाहायला तेलाच्या रेणूत शिरावं लागतं.

तेलाचा रेणू म्हणजे एक आखूड दांडी आणि तिला लोंबणाऱ्या तीन लांब शेपट्या. शेपटी म्हणजे कार्बनच्या मण्यांची माळ. शेंगदाणा तेलातल्या बहुतेक शेपट्या १८ मण्यांच्या, आणि त्यातल्या बऱ्याच मधोमध कोपरासारख्या वाकलेल्या. खोबरेलात मात्र १०० पैकी ९० च्या आसपास शेपट्या सरळसोट, आणि जवळजवळ निम्म्या अवघ्या १२ मण्यांच्या. या बारा मण्यांच्या शेपटीला लॉरिक आम्ल म्हणतात. तुराट्यांची मोळी कशी घट्ट बांधता येते! बाभळीच्या वाकड्या फांद्यांची बांधून पाहा. सरळ शेपट्या एकमेकींना चिकटून रचल्या जातात आणि तेल घट्ट होतं. वाकड्या शेपट्यांमध्ये फटी राहतात, तेल वाहत राहतं.

एका वाकण्याने किती फरक पडावा? १८ मण्यांचंच सरळ आम्ल घ्या, स्टिअरिक. ते वितळायला ६९ अंश लागतात. तेवढ्याच मण्यांचं, फक्त मध्ये एक बाक असलेलं ओलेइक आम्ल १३ अंशांच्या आसपासच वितळतं. वजन जवळपास तेच, मणी तेच, एक बाक, आणि पन्नासहून अधिक अंशांचा फरक! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा एकदा आकडे तपासले होते.

आता गंमत अशी, की हा बाक सरळ करण्याचा उद्योग अमळनेरलाच उभा राहिला. २९ डिसेंबर १९४५ रोजी, म्हणजे बाटल्या गोठायच्याच दिवसांत, मोहम्मद हाशम प्रेमजी यांची वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड ही कंपनी नोंदली गेली. तीच पुढे विप्रो झाली. आज संगणकाच्या नावाने ओळखली जाणारी कंपनी सुरुवातीला खानदेशातलं तेल घट्ट करत होती. ‘सनफ्लॉवर’ नावाचं वनस्पती तूप आणि ‘७८७’ नावाचा कपड्यांचा साबण ही तिची पहिली उत्पादनं.

वनस्पती तूप कसं होतं? तेल तापवायचं, त्यात निकेल धातूची बारीक पूड मिसळायची आणि दाबाखाली हायड्रोजन वायू सोडायचा. शेपटीत जिथे बाक असतो, तिथे दोन मण्यांमध्ये दुहेरी बंध असतो. हायड्रोजन तिथे जाऊन बसला की बंध एकेरी होतो आणि शेपटी सरळ होते. विल्हेल्म नॉर्मन या जर्मन रसायनतज्ज्ञाने या युक्तीचं पेटंट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घेतलं होतं. माड जे झाडावर गुपचूप करतो ते करायला इथे भट्टी, वायू आणि धातू लागले. आणि तेही नीट जमत नव्हतं: काही बाक भरून निघायच्या ऐवजी फक्त उलटे फिरायचे. तेच ते ट्रान्स फॅट, हृदयाला वाईट. २०२२ पासून भारतात खाद्यतेलांत आणि वनस्पतीत त्याला २ टक्क्यांची मर्यादा आहे. जाता जाता आणखी एक: वनस्पतीत ५ टक्के तिळाचं तेल घालणं कायद्याने सक्तीचं होतं. कुणी शुद्ध तुपात वनस्पती मिसळलं, तर रासायनिक चाचणीत तिळामुळे गुलाबी-लाल रंग यायचा आणि चोरी उघडी पडायची.

पण सकाळच्या घाईत ती बाटली हवी असते केसांसाठी. तिथेही हेच बारा मणी कामाला येतात.

केसाची बाहेरची बाजू माशाच्या खवल्यांसारखी असते. केस भिजला की आत पाणी शिरतं, तो फुगतो, खवले उचकतात. वाळला की पुन्हा आकसतो. रोजच्या या फुगण्या-आकसण्यात, त्यात कंगव्याचे ओरखडे, केसातलं प्रथिन झिजून जातं. २००३ साली मुंबईत मॅरिकोच्या संशोधकांनी तीन तेलं तपासली: खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल. धुण्याआधी लावा किंवा नंतर, प्रथिनाची झीज लक्षात येण्याइतकी कमी केली ती एकट्या खोबरेलाने. मॅरिको म्हणजे पॅराशूटवाले, जळगावच्या एमआयडीसीत त्यांचा कारखाना आहे, तेव्हा आपलाच माल आपणच तपासला असं म्हणायला जागा आहे. तरी कारणमीमांसा पटणारी आहे. खनिज तेलाला केसातल्या प्रथिनाची ओढच नसते, ते वर तवंगासारखं राहतं. सूर्यफुलाच्या शेपट्या वाकड्या, फोफावलेल्या. अरुंद दारातून आत जाताना अडकणाऱ्या. खोबरेलाचा रेणू सडपातळ, सरळ, आणि प्रथिनाशी जवळीक असलेला. तो खवल्यांच्या फटीतून आत जाऊन बसतो, आणि मग पाण्याला शिरायला जागा कमी उरते. आदल्या रात्री तेल चोपडून सकाळी न्हायला घालणाऱ्या आजीला प्रथिन ठाऊक नव्हतं, वेळेचं गणित मात्र तिचं बरोबर होतं.

‘मुळांना पोषण’ हे तेवढं सोडून द्या. डोक्याबाहेर आलेला केस मेलेला असतो. त्याला खाऊ घालता येत नाही, फक्त झिजण्यापासून वाचवता येतं. आणि कोंडा असेल तर जरा जपूनच: टाळूवरची मॅलॅसेझिया नावाची बुरशी मेदावरच जगते.

न्हाताना होणारा फेस पाहिला की मला हसू येतं. शाम्पूत फेस काढणारं जे रसायन असतं, सोडियम लॉरिल सल्फेट, ते बहुधा खोबरेलापासून किंवा पाम गरापासून बनवतात. नावातला ‘लॉरिल’ म्हणजे तेच बारा मणी. म्हणजे तेल लावायचं, आणि मग त्याच्याच सख्ख्या भावाकडून धुऊन काढायचं! खोबरेलाचा साबण तर खाऱ्या पाण्यातही फेसाळतो. म्हणून तो खलाशांच्या कामाचा.

अंगाला लावलं की हेच तेल पातळ पडदा होऊन कातडीतला ओलावा उडू देत नाही. थंडीत फुटलेल्या टाचा, उललेले ओठ यांना त्याचा आधार आहेच. मुरुमं येणाऱ्या चेहऱ्यावर मात्र रंध्रं तुंबवू शकतं, आणि एप्रिलच्या उन्हापासून वाचवायला ते पुरत नाही.

हे तेल खायचं की लावायचं, यावर कराच्या दरासाठी सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षं वाद चालला. २०१८ साली दोन न्यायमूर्तींची मतं फुटली. डिसेंबर २०२४ मध्ये तिघांनी ठरवलं, की वेष्टनावर केसांचं तेल म्हणून विकलं जात नसेल तर लहान बाटलीतलं खोबरेलही खाद्यतेलच. खानदेशात खोबरेलात कुणी भाजी फोडणीला टाकत नाही. पण काळ्या मसाल्यासाठी सुक्या खोबऱ्याची वाटी निखाऱ्यावर भाजताना जे तेल सुटून चरचरतं, ते पोटात जातंच की.

तर पुन्हा ती गोठलेली बाटली. काडीने कोरलेला तुकडा तळहातावर घ्या. तळहात तिशीच्या वर असतो, तेलाला २४-२५ पुरे. मोळी सुटते, शेपट्या मोकळ्या होतात, आणि सुटताना लागणारी ऊब त्या तुमच्याच हातातून घेतात. म्हणून वितळणारं खोबरेल क्षणभर गार लागतं. तेवढ्यात शाळेची घंटा होते.