डुमन्याहून तीन वाटा

छोट्या विमानातून नर्मदेचं खोरं पाहायचं तर कुठे जावं, कधी जावं आणि काय वाचून जावं

नकाशावर जबलपूरच्या डुमना विमानतळावर कर्कटकाचं टोक ठेवा आणि १८० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. पूर्वेला ते अमरकंटकाला, पश्चिमेला पचमढीला आणि दक्षिणेला गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळाला जवळजवळ स्पर्श करून जातं. चार आसनांचं साधं सेस्ना विमान तासाला सुमारे २०० किलोमीटर कापतं. म्हणजे जबलपुरातल्या रांझीच्या शेजारच्या या विमानतळावरून तासाभरात नर्मदेचा उगम, सातपुड्याचं सर्वोच्च शिखर किंवा महाराष्ट्राची माती यांपैकी हवं ते गाठता येतं.

हौशी वैमानिकांच्या तोंडी जगातले काही मार्ग कायम असतात. न्यूयॉर्कमधून वाहणारी हडसन, न्यूझीलंडचा मिलफर्ड साउंड, अमेरिकेतली ग्रँड कॅन्यन. आपल्याकडे अशा उड्डाणाचा विषय निघाला की बोलणं हिमालयावर नाहीतर कोकण किनाऱ्यावर जातं. डुमन्याहून निघणाऱ्या वाटांचं नाव मात्र कुणी घेत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. डोंगर कसा उभा राहिला, नदी का वळली, पाणी कुठे दुभंगलं हे इतक्या थोड्या अंतरात इतकं उघडं करून दाखवणारा प्रदेश देशात दुर्मीळ आहे. मात्र तो वाचता आला पाहिजे. खिडकीतून दिसणाऱ्या गोष्टीचा अर्थ आधीच ठाऊक असेल तरच उड्डाण मनात टिकतं. नाहीतर तासाभराने सगळं हिरवंच दिसू लागतं.

पाऊण तासाची पहिली फेरी

सुरुवात घराजवळून करावी. डुमन्याहून दक्षिणेला सुमारे ३० किलोमीटरवर बरगी धरण. तिथून नर्मदेच्या प्रवाहाबरोबर खाली यायचं: ग्वारीघाट, तिलवाराघाट, लम्हेटाघाट आणि शेवटी भेडाघाट. तिथून परत डुमना. सगळं मिळून पाऊण तास.

या फेरीत नदी कोणत्या हाताला ठेवायची, हा प्रश्न मराठी माणसाच्या मनात लगेच येईल. परिक्रमावासी नर्मदेला कायम उजव्या हाताला ठेवून चालतो. वैमानिकांचा संकेत याच्या उलट आहे. नदी, रेल्वे किंवा रस्ता धरून उडताना ती रेषा डाव्या हाताला ठेवायची. मुख्य वैमानिक डाव्या आसनावर बसतो, त्यामुळे रेषा त्याच्या खिडकीखाली राहते. शिवाय समोरून येणारं विमानही तोच संकेत पाळून पलीकडच्या काठाने निघून जातं. हडसनवर हाच संकेत नियम म्हणून लागू आहे: उत्तरेकडे जाणाऱ्यांनी पूर्व काठ धरायचा, दक्षिणेकडे जाणाऱ्यांनी पश्चिम काठ. २००९ मध्ये तिथे एक छोटं विमान आणि हेलिकॉप्टर यांची टक्कर झाली, त्यानंतर ही शिस्त सक्तीची झाली.

बरगी हे नर्मदेवर पूर्ण झालेलं पहिलं मोठं धरण, १९९० सालचं. त्याचा जलाशय मंडल्याच्या दिशेने सुमारे ७५ किलोमीटर पसरला आहे. ऑक्टोबरमध्ये तो समुद्राच्या खाडीसारखा टेकड्यांच्या आत घुसलेला दिसतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठावरच्या जमिनी उघड्या पडतात. या पाण्याने १६२ गावं बाधित झाली. वरून जाणाऱ्याने हे माहीत करून घेऊनच त्या निळाईकडे पाहावं.

लम्हेटाघाटाचं नाव भूगर्भशास्त्रात जगभर घेतलं जातं. इथल्या थरांना 'लमेटा' हे नाव याच घाटावरून मिळालं, आणि त्याच थरांमधून १८२८ मध्ये विल्यम स्लीमन यांना जबलपुरात महाकाय हाडं सापडली. ती डायनासोरची होती, हे पुढे सिद्ध झालं. भारतात सापडलेले डायनासोरचे हे पहिले अवशेष.

मग भेडाघाट. जमिनीवरून धुवांधार धबधबा पाहिलेल्याला इथे वेगळंच काही कळतं. चांगली रुंद वाहणारी नदी एका उडीसरशी अरुंद होते आणि पांढऱ्या खडकाच्या चिरेत शिरते. खडक मॅग्नेशियमयुक्त संगमरवराचा, आणि चीर सुमारे तीन किलोमीटरची. काठावर टेकडीच्या माथ्यावर चौसष्ट योगिनी मंदिराचं वर्तुळ असतं. कलचुरी काळातल्या या मंदिराची गोल आखणी एका नजरेत मावते ती वरूनच.

इथे एक अडचण आहे. पहाटेची हवा स्थिर असते, पण कोवळं ऊन दरीच्या तळापर्यंत पोहोचत नाही आणि संगमरवर काळाच दिसतो. सूर्य वर चढला की खडक उजळतो, पण तोवर तापलेल्या जमिनीवरून हवेचे झोत उठू लागतात. हिवाळ्यात सकाळी दहा-अकराच्या सुमारास दोन्हींचा मेळ बसतो.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. सुंदर जागेवर घिरट्या घालताना नजर खाली आणि हात सुकाणूवर अशी अवस्था होते, वळण नकळत तीव्र होत जातं. समपातळीत ३० अंश कलून वळताना विमानाला तरंगत राहण्यासाठी लागणारा किमान वेग सात टक्क्यांनी वाढतो. कल ६० अंशांचा झाला तर हीच वाढ ४१ टक्के होते. कमी उंचीवर, कमी वेगात हा फरक विसरला की पंखांची उचल एकाएकी जाते आणि सावरायला खाली जागा उरलेली नसते. म्हणून उंची भरपूर ठेवावी, वळण सौम्य घ्यावं. पाहण्याचं काम सोबत्यावर सोपवावं किंवा वैमानिकाने एका फेरीत फक्त उडवावं.

पूर्वेला: पाणी जिथे वेगळं होतं

अमरकंटकाची वाट ही तिन्हींमधली सर्वांत अर्थपूर्ण. मंडल्याला नर्मदा गावाला तीन बाजूंनी वेढते, तो वळसा आधी पाहावा. पुढे डिंडोरीकडे जाताना सपाट माथ्यांच्या, पायऱ्यापायऱ्यांच्या टेकड्या लागतात. सह्याद्री पाहिलेल्या मराठी नजरेला त्या ओळखीच्या वाटतील आणि ती ओळख खरीच आहे. दख्खनचा काळा बेसाल्ट इथपर्यंत पसरलेला आहे, आणि मैकल रांगेचा हा भाग त्या लाव्ह्याचा पूर्वेकडचा तुकडा आहे.

अमरकंटकाचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार फूट उंच. इथून नर्मदा पश्चिमेला अरबी समुद्राकडे निघते. शोण याच परिसरातून निघून उत्तरेकडे वळतो आणि गंगेला मिळतो. जवळच पडलेल्या पावसाच्या दोन सरींपैकी एक भडोचजवळ समुद्रात जाते, दुसरी बंगालच्या उपसागरात. पायी चालताना हा दुभंग जंगलात हरवतो. वरून मात्र ओढ्यांच्या रेषा कोणत्या बाजूला झुकल्या आहेत, ते स्पष्ट दिसतं.

जाताना पूर्वेकडचा मार्ग म्हणून ५,५०० फुटांची पातळी आणि येताना पश्चिमेकडचा म्हणून ६,५०० फुटांची. दृश्य-नियमांनी, म्हणजे बाहेर पाहत, उडणाऱ्यांसाठी समोरासमोरची वाहतूक अशी वेगळी ठेवलेली असते. शिवाय इंजिन बंद पडलं तर उतरायचं कुठे, हा प्रश्न या वाटेवर क्षणभरही विसरता येत नाही. सेस्ना १७२ इंजिनाशिवाय उंचीच्या साधारण नऊपट अंतर तरंगत जातं. जमिनीपासून चार हजार फुटांवर असाल तर हाताशी सुमारे ११ किलोमीटर असतात, तेही वारा विरोधात नसेल तर. म्हणून सरळ रेषेपेक्षा नदीकाठच्या शेतांवरून जाणारी थोडी लांब वाट बरी.

पश्चिमेला: दोन पर्वतांमधली खाच

पचमढीकडे निघालं की नरसिंहपूर, गाडरवारा अशी काळ्या मातीची सपाट पट्टी लागते. उजवीकडे विंध्य, डावीकडे सातपुडा आणि मधे सरळसोट खोरं. ही सरळ रेघ पाण्याने कोरलेली नाही. भूकवचाच्या प्राचीन भेगेवर ती बसलेली आहे. २२ मे १९९७ रोजी जबलपूरला हादरवणारा ५.८ तीव्रतेचा भूकंप याच पट्ट्यातला. रांझीतल्या जुन्या माणसांना ती रात्र आठवते. पाच हजार फुटांवरून दोन पर्वतांच्या कडा समांतर धावताना दिसल्या की त्या हादऱ्याचं कारण डोळ्यांसमोर उभं राहतं.

खालून जाणारा इटारसी–जबलपूर लोहमार्ग सोबत करतो. मार्च १८७० मध्ये मुंबईहून आलेली रेल्वे आणि कलकत्त्याहून आलेली रेल्वे जबलपुरात एकमेकींना जोडल्या गेल्या. देशाच्या दोन टोकांना रेल्वेने सांधणाऱ्यांनी हेच खोरं निवडलं, त्याचं कारणही वरूनच पटतं.

पिपरियापाशी डावीकडे वळलं की दृश्य एकदम बदलतं. काळ्या मातीची सपाटी संपते आणि वालुकाश्माचे उभे कडे, घळी, सुळके सुरू होतात. धूपगड १,३५२ मीटर, म्हणजे सुमारे ४,४४० फूट, सातपुड्यातलं सर्वांत उंच. डोंगराच्या वाऱ्यामागच्या बाजूला हवा खाली लोटते, म्हणून कड्यांपासून अंतर आणि शिखरावर किमान दोन हजार फूट मोकळे ठेवावेत. खाली सातपुडा व्याघ्रप्रकल्पाचं जंगल आहे. वन्यजिवांच्या डोक्यावरून खाली घोंगावत जाण्याचा मोह कुणीही धरू नये.

दक्षिणेला: आपल्या नदीच्या वळणावर

तिसरी वाट विदर्भाच्या माणसाची. जबलपूर–गोंदिया ही 'छोटी लाईन' कित्येक मराठी कुटुंबांच्या सुट्ट्यांचा रस्ता होती. आता ती ब्रॉडगेज झाली आहे. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, हेही या वाटेवर आठवावं.

मंडला-सिवनीच्या पठारावर मागे नर्मदेचं पाणी सुटतं आणि पुढे वैनगंगेचं सुरू होतं. वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावून आधी उत्तरेला जाते, मग पूर्वेला आणि शेवटी दक्षिणेला वळून बालाघाटकडे उतरते. ते मोठं वळण या वाटेवर पाहायला मिळतं. पुढे हेच पाणी गोंदिया, भंडारा करत प्राणहितेतून गोदावरीला जातं. बिरसीला वैमानिक प्रशिक्षणाची मोठी सोय आहे आणि त्यामुळे छोट्या विमानांची वर्दळही. मार्च २०२३ मध्ये तिथून निघालेलं एक प्रशिक्षण विमान बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगरांत कोसळलं आणि प्रशिक्षकासह विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. या टेकड्या नकाशावर फार उंच दिसत नाहीत, पण त्यांना गृहीत धरून चालत नाही.

ऋतू, कागद आणि परवाना

या तिन्ही वाटांसाठी ऑक्टोबर आणि नोव्हेंबर उत्तम. हवा धुतलेली, रानं हिरवी, जलाशय भरलेले. डिसेंबर-जानेवारीत खोऱ्यात धुकं साचतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो आणि मंडल्याचं रान केशरी होतं. मे महिना टाळावा. डुमना समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० फुटांवर आहे. पारा ४२ अंशांवर गेला की विरळ हवेमुळे विमान ५,२०० फुटांवरच्या धावपट्टीवर असल्यासारखं वागतं. धावावं जास्त लागतं आणि चढ मंदावतो.

दृश्य-नियमांच्या उड्डाणाला साधारणपणे पाच किलोमीटर दृश्यमानता आणि ढगांपासून ठरावीक अंतर लागतं, आणि आपल्याकडे ते दिवसाउजेडीच करता येतं. उड्डाण आराखडा, हवाई संरक्षण परवानगीचा क्रमांक आणि त्या दिवसाच्या सूचना, ज्यांना वैमानिक 'नोटम' म्हणतात, हे सगळं हातात असल्याशिवाय चाक हलवू नये. रांझी-खमरिया परिसरात आयुध निर्माणी आणि तोफांच्या चाचणीचा पल्ला आहे, तेव्हा इथे नकाशावरच्या प्रतिबंधित क्षेत्रांचा अभ्यास दुप्पट काळजीने करावा. हवाई छायाचित्रणावरही निर्बंध आहेत; कॅमेरा काढण्याआधी नियम विचारावा.

खासगी वैमानिकाचा परवाना १७ वर्षं पूर्ण झालेल्या, दहावी उत्तीर्ण आणि वैद्यकीय चाचणीत पात्र ठरलेल्या व्यक्तीला मिळू शकतो. किमान ४० तासांचं उड्डाण करावं लागतं आणि लेखी परीक्षा द्याव्या लागतात. त्या परवान्यावर मित्रांना नेता येतं, पण पैसे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना मिळालेला परवाना भारतात दिला गेलेला पहिला. १५ ऑक्टोबर १९३२ ला त्यांनी कराचीहून जुहूपर्यंत पस मॉथ विमानातून टपाल आणलं, तेव्हा सोबतीला नकाशा, होकायंत्र आणि खालची जमीन एवढंच होतं. २०१९ मध्ये हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडणाऱ्या मुंबईच्या आरोही पंडितने २०२१ मध्ये भुजहून जुहूपर्यंत उडून त्या प्रवासाला मानवंदना दिली. हौशी उड्डाणाची परंपरा आपल्याकडे आहे. पातळ झाली आहे ती तिच्या सोयींची साखळी.

छोट्या विमानांचं पेट्रोल, म्हणजे ॲव्हगॅस, २०२२ पर्यंत परदेशातूनच येत होतं. आता इंडियन ऑइल ते वडोदऱ्याजवळच्या कोयली शुद्धीकरण कारखान्यात बनवते. मध्य प्रदेशात जिल्ह्याजिल्ह्यांत सरकारी धावपट्ट्या आहेत. सिवनीजवळच्या सुकतरा आणि सागरजवळच्या ढाना इथे प्रशिक्षण चालतं. २०२४ मध्ये राज्याने सहा आसनी विमानांची पर्यटन सेवाही सुरू केली. म्हणजे धावपट्ट्या आहेत, इंधन देशात बनतं, आणि शिकवणारेही शंभर-दीडशे किलोमीटरच्या आत आहेत. उरलं आहे ते डुमन्यावर हौशी वैमानिकांसाठी एक क्लब आणि इंधनाची खात्रीची सोय. दर वर्षी व्यावसायिक परवान्यासाठी तास मोजत उडणाऱ्या मुलांनाही त्याचा फायदा होईल, कारण जमीन वाचायला शिकलेला वैमानिक पडद्यावरचा नकाशा विझल्यावर गोंधळत नाही.

तोवर ज्याच्याकडे परवाना आहे किंवा ज्याला प्रशिक्षकाबरोबर जायची संधी आहे, त्याने क्रम असा धरावा: आधी बरगी-भेडाघाट, मग बिरसी, नंतर पचमढी आणि हात पुरेसा बसल्यावर अमरकंटक. प्रत्येक वेळी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी नकाशा पसरून एकच प्रश्न सोडवावा: या वाटेवर पडणारा पाऊस कुठे जातो? याचं उत्तर ज्याला पाठ आहे, त्याला तासाभराच्या उड्डाणात नर्मदेचं अख्खं खोरं समजतं.